तळमजल्याच्या खालचा पत्ता

टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्त्यात आधी वॉर्ड येतो, मग वस्ती आणि मग तीन आकडे, समजा 2-32-3. पहिला आकडा वस्तीच्या भागाचा, दुसरा त्या भागातल्या घरांच्या गटाचा, तिसरा त्या गटातल्या इमारतीचा. रस्ता म्हणजे दोन गटांमधली मोकळी जागा; तिचं बारसं करायची गरज कुणाला वाटली नाही. जुन्या पद्धतीत जमिनीच्या तुकड्यांची नोंद होत गेली तसे क्रमांक पडले, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांचे आकडे एकमेकांना ओळखही देत नसत. 1962 साली कायदा करून त्यात शिस्त आणायला सुरुवात झाली, तरी नवख्याची धांदल संपली नाही. म्हणून तर दुकानांच्या जाहिरातींत आणि व्हिजिटिंग कार्डांवर छोटा नकाशा छापायची तिथे पद्धत पडली. वस्तीवस्तीतल्या पोलिस चौकीत, म्हणजे कोबानमध्ये, परिसराचा मोठा नकाशा हमखास असतो. वाट सांगणं हे तिथल्या पोलिसाचं रोजचं काम.

मोबाइलमधल्या नकाशाने यातलं निम्मं दुखणं घालवलं. उरलेलं निम्मं उभ्या दिशेचं आहे. निळा ठिपका इमारतीपाशी आणून सोडतो आणि तिथेच हात टेकतो. इमारत अरुंद, सात-आठ मजली, प्रत्येक मजल्यावर वेगळा धंदा. दाराशी उभी पाटी: वर दंतवैद्य, त्याखाली केशकर्तनालय, त्याखाली दारू आणि खाण्याचं इझाकाया, आणि सगळ्यात खालच्या ओळीत ‘बी-वन’ किंवा ‘बी-टू’ आणि पुढे एक नाव. त्या नावाखाली आज रात्री चार-पाच बँड वाजणार असतात. जिना खाली उतरतो, भिंतींवर पोस्टरांवर पोस्टरं, आणि शेवटी जाड दार. दार लावलं की आवाज बाहेर येत नाही, त्यामुळे कानांच्या भरवशावर शोधायचीही सोय नाही.

अशा तळघरांना जपानी लोक ‘लाइव्ह हाउस’ म्हणतात. शंभर ते तीनशे माणसं उभी राहतील एवढी जागा, गुडघ्याएवढ्या उंचीचा मंच, मागे एक छोटा बार. जगभरातले रॉकवेडे आता विमानाचं तिकीट काढून या जागा शोधत जातात. त्यात मुंबई-पुण्याची मुलंही असतात. बरेचजण तिथून परततात ते ‘गुप्त ठिकाण सापडलं’ अशा थाटात. रीलच्या मथळ्यांना गुप्त हा शब्द फार मानवतो. पण लाइव्ह हाउसचा मालक कुणापासून लपलेला नसतो. भाडं, आवाज आणि परवाने या तीन गोष्टींनी त्याला जमिनीखाली नेलं आहे. हे समजून न घेता नुसतं ठिकाणाच्या गूढपणावर भाळणारा प्रवासी निम्माच कार्यक्रम पाहून येतो.

मोठ्या सभागृहाचा मामला अगदी उलटा. 1964 च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेलं बुदोकान कुदानशिता स्टेशनातून बाहेर पडलं की सापडतं. 1966 मध्ये तिथे बीटल्स वाजले तेव्हा युद्धकलांच्या वास्तूत हा धांगडधिंगा कशाला, म्हणून राष्ट्रवादी मंडळींनी गहजब केला होता. 1972 च्या ऑगस्टमध्ये डीप पर्पलने ओसाकात दोन आणि बुदोकानमध्ये एक रात्र वाजवलं, त्यातून ‘मेड इन जपान’ हा अल्बम झाला. 1978 मध्ये चीप ट्रिक या अमेरिकी बँडने तिथे जे ध्वनिमुद्रण केलं, त्याने मायदेशात फारसं नाव नसलेल्या त्या बँडचं नशीब पालटलं. भारतात रॉक ऐकणाऱ्या कित्येकांना बुदोकान हे नाव कॅसेटच्या वेष्टनावरूनच माहीत झालं.

सापडायला सोपं, पण आत शिरायला अवघड. जपानमधल्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं पुष्कळदा सोडतीने मिळतात. सोडतीत नाव घालायला जपानी मोबाइल क्रमांक लागतो, पैसे भरायला आणि तिकीट छापून घ्यायला कोपऱ्यावरच्या लॉसनसारख्या दुकानातल्या यंत्रापुढे उभं राहावं लागतं, आणि त्या यंत्राची भाषा जपानी. काळ्या बाजाराला आळा घालणारा कायदा 2019 च्या जूनपासून लागू आहे, त्यामुळे चढ्या भावाने फिरणारं तिकीट घेणं धोक्याचं. तळघरात यातलं काहीच नाही. बँडला किंवा लाइव्ह हाउसला एक ईमेल टाकायचा, नाव सांगायचं, तिकीट राखून ठेवलं जातं, पैसे दारात द्यायचे. अडीच ते चार हजार येनांत संध्याकाळ होते. परदेशी माणसाला बुदोकानपेक्षा तळघराचं दार जास्त सहज उघडतं. अट एवढीच की ते दार त्याला सापडायला हवं.

या जागा आल्या कुठून? शिंजुकूमधलं ‘पिट इन’ 1965 चं, पण ते जॅझचं. रॉकच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाचं नाव ‘लॉफ्ट’चं. 1971 मध्ये टोकियोच्या कारासुयामा भागात ते निघालं तेव्हा जॅझच्या तबकड्या ऐकत कॉफी पिण्याचं ठिकाण होतं. पुढे वाजवणारी मंडळी गोळा होत गेली, शाखा निघाल्या, आणि 1976 मध्ये ‘शिंजुकू लॉफ्ट’ उभं राहिलं. त्या काळी जपानी भाषेत रॉक गाणाऱ्या बँडला मोठी सभागृहं दारात उभं करत नव्हती. त्यांना वाजवायला जागा हवी होती, आणि ती तळघरांनी दिली.

बूवी या बँडचा प्रवास या बाबतीत फार बोलका आहे. 1981 मध्ये त्यांनी पहिला कार्यक्रम शिंजुकू लॉफ्टमध्ये केला. सात वर्षांनी, 1988 च्या एप्रिलमध्ये, त्यांनी निरोपाचे दोन कार्यक्रम केले ते नुकत्याच उघडलेल्या टोकियो डोममध्ये, हजारो लोकांसमोर. पुढच्या पिढीतल्या जपानी बँडवाल्यांनी याच दोन जागांमधलं अंतर मनात धरून गिटार विकत घेतली असणार.

लॉफ्ट 1999 मध्ये काबुकिचोला हलवावं लागलं. शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त वाटा आहेत. चुकीच्या वाटेने बाहेर पडलेला माणूस वीस मिनिटं चालूनही ‘इथेच कुठेतरी’ असतो. काबुकिचो म्हणजे दिव्यांच्या पाट्यांचं रान. तिथे लॉफ्टची पाटी इतकी साधी की ती डोळ्यांत भरत नाही, आणि खाली उतरायचं ते दोन मजले.

जमिनीखाली जायची कारणं व्यवहारातली. टोकियोत रस्त्याला लागून असलेल्या गाळ्याचं भाडं दुकानांना आणि खानावळींना परवडतं. महिन्यातल्या निम्म्या रात्री साठच माणसं येणार हे ठाऊक असलेल्या रॉकच्या धंद्याला ते पेलत नाही. तळघर स्वस्त पडतं. शिवाय तीन बाजूंनी माती असल्याने ड्रमचा आणि बास गिटारचा धक्का बाहेर कमी जातो. उरलेल्या बाजूंना दुहेरी भिंती, दुहेरी दारं, लोंबकळती छतं असा बंदोबस्त करावा लागतो. वर राहणाऱ्या माणसाची तक्रार आली की पोलिस येतात, म्हणून कार्यक्रमही वेळेवर संपतात. सहा-साडेसहाला दार उघडतं, सातला पहिला बँड, दहाच्या आसपास सगळं आटोपलेलं. ज्याला वाटतं रॉकची रात्र अकराला सुरू होते, तो पोहोचेपर्यंत तिथे तारा गुंडाळायला घेतलेल्या असतात. शेवटच्या लोकल मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात, हेही त्यामागचं एक कारण.

दारात तिकिटाबरोबर आणखी पाचशे-सहाशे येन द्यावे लागतात आणि हातात एक बिल्ला किंवा चिठ्ठी पडते: एका पेयाची. पेय नको असलं तरी पैसे चुकत नाहीत. पर्यटकांना ही लूट वाटते. खरं कारण परवान्यात आहे. 1948 च्या कायद्यानुसार नाट्यगृह किंवा चित्रपटगृह म्हणून नोंदणी करायची तर बांधकाम, हवा खेळती राहण्याची सोय, स्वच्छतागृहं यांचे बरेच नियम पाळावे लागतात. जुन्या इमारतीच्या अरुंद तळघराला ते जमण्यासारखं नसतं. म्हणून बहुतेक लाइव्ह हाउस कागदोपत्री खानपानगृह आहेत. खानपानगृह म्हटलं की गिऱ्हाइकाने काहीतरी प्यायला हवं. तो प्लॅस्टिकच्या पेल्यातला चहा म्हणजे कायद्याला दिलेलं उत्तर आहे, आणि दारातल्या त्या नाण्यांवर कित्येक जागांचं भाडं निघतं.

दारावरची मुलगी आणखी एक प्रश्न विचारते: आज कोणत्या बँडसाठी आलात? नवखा प्रवासी गोंधळतो, हसतो, ‘सगळ्यांसाठी’ म्हणतो. हे उत्तर सौजन्याचं असलं तरी तिथे ते कुणाच्याच कामाचं नाही. त्यामागे ‘नोरुमा’ नावाची पद्धत आहे. लाइव्ह हाउस नव्या बँडला ठरावीक तिकिटं खपवायला सांगतं, समजा वीस. कमी खपली तर उरलेल्यांचे पैसे बँडने आपल्या खिशातून भरायचे. जास्त खपली तर वरच्या कमाईत बँडचा वाटा. दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी वाजवणारी चार पोरं अशा रीतीने आपल्याच कार्यक्रमासाठी पैसे मोजत असतात. दारावरच्या कागदावर प्रत्येक बँडच्या नावापुढे रेघा ओढल्या जातात, आणि त्या रेघांवर रात्रीचा हिशेब होतो. परदेशातून हजारो रुपये खर्चून आलेल्या माणसाने एका बँडचं नाव नीट उच्चारलं, तर त्या बँडच्या डोक्यावरचं एक तिकीट उतरतं. पाठ करून जायची एकच गोष्ट असेल तर ती हे नाव. स्टेशनच्या वाटेचा क्रमांक त्यानंतर.

नोरुमाला जपानमध्येही भरपूर विरोध आहे, आणि तो रास्त आहे. धंद्याची जोखीम सगळ्यात कच्च्या खांद्यावर टाकायची ही रीत. पण तिच्यामुळेच अगदी अनोळखी बँडलाही आठवड्याच्या मधल्या वारी, चांगल्या ध्वनियंत्रणेवर, ठरलेल्या वेळेला मंच मिळतो हेही खरं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याने तिथला वाद मिटत नाही.

सरकारचं आणि या जागांचं नातं कधी प्रेमाचं नव्हतं. युद्धानंतर 1948 मध्येच आणखी एक कायदा झाला, त्यात नाच हा अनैतिक धंद्यांचा शेजारी मानला गेला. त्या कायद्याखाली कितीतरी क्लबांत मध्यरात्रीनंतर नाचायला बंदी होती. बरीच वर्षं तिकडे कानाडोळा झाला. 2010 नंतर ओसाकात आणि मग इतरत्र छापे पडू लागले. सह्यांची मोहीम झाली, संगीतकार र्‍युइची साकामोतोंनी तिला पाठिंबा दिला, 2015 मध्ये कायदा बदलला आणि 2016 च्या जूनपासून रात्रभर नाचायची मुभा मिळाली, पण जागेत 10 लक्सपेक्षा जास्त उजेड हवा या अटीवर. नाचाची नैतिकता दिव्याच्या उजेडावर मोजणारा हा नियम कुणी व्यंगचित्रात काढला असता तर अतिशयोक्ती वाटली असती. पुढे 2020 च्या सुरुवातीला ओसाकातल्या लाइव्ह हाउसमधून करोनाची लागण पसरली आणि देशभर या तळघरांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. बंद ठेवा म्हणता तर भरपाई द्या, या मागणीवर थोड्याच दिवसांत सुमारे तीन लाख सह्या जमल्या.

टोकियोच्या पश्चिमेकडचं शिमोकिताझावा पाहिलं की छबिलदासच्या दिवसांची आठवण असलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटणार नाही. दादर स्टेशनजवळच्या शाळेच्या जिन्याने वर गेल्यावर 1974 पासून जे चालायचं, त्याला जागा कमी, दिवे मोजके, प्रेक्षक घट्ट आणि नाटकाची हिंमत दांडगी असायची. शिमोकिताझावातही छोट्या नाटकांची ‘सुझुनारी’ 1981 ची, ‘होंडा’ नाट्यगृह 1982 चं, आणि त्यांच्या आजूबाजूच्या तळघरांत रॉक. लॉफ्टवाल्यांनी 1991 मध्ये तिथे ‘शेल्टर’ काढलं. वस्तीतले रस्ते इतके अरुंद की मोटार सहसा फिरकत नाही. मधून मोठा रस्ता काढायच्या सरकारी बेताला रहिवाशांनी, नाटकवाल्यांनी आणि बँडवाल्यांनी मिळून वर्षानुवर्षं विरोध केला. 2013 मध्ये रेल्वे जमिनीखाली गेली आणि वर नवी चकचकीत दुकानं आली. विरोध करणाऱ्यांना जी भीती वाटत होती तिच्यातली थोडी खरी झाली, थोडी नाही.

मग 2022 च्या ऑक्टोबरमध्ये ‘बोच्ची द रॉक’ ही ॲनिमे मालिका आली. लोकांपुढे तोंड उघडायला घाबरणारी शाळकरी मुलगी गिटार घेऊन एका बँडमध्ये जाते ही तिची गोष्ट. त्यातलं लाइव्ह हाउस शेल्टरवरून बेतलेलं आहे. मालिकेने जगभर वेड लावलं आणि शिमोकिताझावाला चाहत्यांची तीर्थयात्रा सुरू झाली. जिन्याच्या तोंडाशी फोटो काढायचा आणि निघायचं, असाही एक पंथ त्यात आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र फोटोने दारावरच्या कागदावर रेघ उमटत नाही. त्या मालिकेतही नोरुमाच्या तिकिटांसाठी पोरींची त्रेधा उडते. ती पाहूनही जो जिना उतरत नाही, त्याने मालिका कुठल्या डोळ्यांनी पाहिली असा प्रश्न पडतो.

होऊन गेलेल्या गोष्टींची जागा पाहायला जाणं वेगळं आणि होत असलेली गोष्ट पाहायला जाणं वेगळं. लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरचा ‘कॅव्हर्न क्लब’ हेही एक तळघरच. 1957 मध्ये उघडलेल्या या क्लबात बीटल्सने 1961 ते 1963 दरम्यान 292 वेळा वाजवलं. 1973 मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी तो पाडला गेला. पुढे 1984 मध्ये जुन्या विटा वापरून जवळजवळ त्याच जागी पुन्हा बांधला, आणि आज तिथे पर्यटकांची रीघ असते. न्यूयॉर्कचं ‘सीबीजीबी’ 2006 मध्ये भाड्याच्या वादातून बंद झालं. नंतर तिथे महागड्या कपड्यांचं दुकान आलं. अशा जागी माणसं जातात, विटांना हात लावतात, टी-शर्ट घेतात. चूक काहीच नाही. पण तेवढ्याच पैशांत टोकियोतल्या कोएन्जीच्या तळघरात पुढच्या दहा वर्षांतला कुणीतरी वाजवताना दिसू शकतो.

मुंबईलाही एकदा अशा छोट्या जागेचा लाभ झाला होता, आणि तो जवळपास अपघातानेच. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं. त्याच मुक्कामात कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या क्लबात ते दोघं मंचावर चढले आणि तिथल्या पोरांच्या वाद्यांवर वाजवलं. त्या घडीला जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडमधले दोघे, समोर मूठभर माणसं. अशी जागा होती म्हणून ते घडलं. आज ते दोघं मुंबईत उतरले आणि रात्री कुठेतरी चार सूर वाजवावेत असं त्यांच्या मनात आलं, तर त्यांना न्यायचं कुठे? अंधेरी-परळमधल्या दोन-चार ठिकाणांपुढे यादी सरकत नाही, आणि त्यातही जेवणाचं बिल संगीतापेक्षा महत्त्वाचं.

धोबी तलावाजवळचं रंगभवन आठवणारे लोक अजून आहेत. तिथे 1978 पासून जॅझ यात्रा झाली, 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’. आजूबाजूला रुग्णालयं, महाविद्यालय, न्यायालय. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा संस्थांभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवलं आणि रंगभवनातला रॉक थांबला. नियम चुकीचा नव्हता; रुग्णाच्या झोपेवर कुणाच्या गिटारचा हक्क नाही. चूक झाली ती पुढे. उघड्यावरचा आवाज बंद करताना, बंदिस्त, ध्वनिरोधक, छोट्या जागा उभ्या राहाव्यात यासाठी कुणी काही केलं नाही. आज मुंबईत दीडशे माणसांसाठी कार्यक्रम करायचा तर पोलिसांचा परवाना, महापालिकेचा परवाना, अग्निशमन दलाचं ना हरकत, दारू असेल तर उत्पादन शुल्क खातं, गाण्यांच्या हक्कांची फी, ही सगळी रांग स्टेडियमवाल्याइतकीच लांब. स्टेडियमवाल्याकडे त्यासाठी माणसं नेमलेली असतात. दीडशे खुर्च्यांचा मालक स्वतःच रांगेत उभा राहतो, किंवा उभाच राहत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घ्यायचा नाही. तळघरं, अरुंद जिने, गर्दी, एकच वाट: ही आगीची पाककृती आहे. बुखारेस्टच्या ‘कोलेक्टिव्ह’ क्लबमध्ये 2015 च्या ऑक्टोबरात रॉक कार्यक्रमाच्या वेळी आतिषबाजीने फोम पेटला आणि 64 जीव गेले; त्या संतापात रोमानियाच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. 2017 च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल्समध्ये 14 जण गेले, 2025 च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये 25. खुद्द काबुकिचोत 2001 मध्ये एका इमारतीच्या आगीत 44 माणसं मेली, कारण एकुलता एक जिना सामानाने भरलेला होता. त्यानंतर जपानने अग्निसुरक्षेचा कायदा कडक केला आणि तपासण्या वाढवल्या. काबुकिचोतला रॉक मात्र त्यामुळे बंद पडला नाही.

मुद्दा असा की टोकियोचं लाइव्ह हाउस पर्यटकाला सापडत नाही, पण अग्निशमन दलाला सापडतं. त्याची नोंद आहे, विझवायची साधनं आहेत, बाहेर पडायच्या वाटेवर हिरवा दिवा आहे. कमला मिल्समध्ये याच्या उलट होतं. ठिकाण अख्ख्या मुंबईला ठाऊक, बाहेर दिव्यांची रोषणाई, आणि आत नियमांचा पत्ता नाही. नवख्या प्रवाशाने परदेशात कुठल्याही तळघरात शिरल्यावर आधी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवावी, ती नसेल तर कितीही आवडता बँड असो, परत फिरावं. नकाशात नसलेल्या गोदामातले, शेवटच्या क्षणी पत्ता कळवणारे कार्यक्रम हा वेगळाच प्रकार. ओकलंडच्या ‘घोस्ट शिप’ गोदामात 2016 मध्ये 36 जण गेले, ते अशाच बेकायदा वापराच्या जागेत. लाइव्ह हाउसच्या कौतुकात त्यांची सरमिसळ करू नये.

आपल्याकडे सध्या बोलबाला आहे तो मोठ्या आकड्यांचा. 2024 च्या मार्चमध्ये टेलर स्विफ्टने सिंगापुरात सहा कार्यक्रम केले, दक्षिण-पूर्व आशियात दुसरीकडे कुठेही नाही. त्यासाठी अनुदान दिल्याचं सिंगापूर सरकारने मान्य केलं. भारतातूनही पुष्कळ जण गेले. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादमध्ये दोन कार्यक्रम केले, आणि लगेच पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात कॉन्सर्टच्या अर्थकारणाचा उल्लेख केला. हॉटेलं भरली, विमानं भरली, नेरुळला जाणाऱ्या लोकल भरल्या. हे सगळं चांगलंच आहे. पण स्टेडियम भरणारा बँड स्टेडियममध्ये जन्मत नाही. कोल्डप्लेचे पहिले कार्यक्रम 1998 च्या सुमाराला लंडनच्या कॅम्डेन भागातल्या पबांमध्ये झाले. सरकारं पीक मोजतात आणि रोपवाटिकेवर बुलडोझर जातो, तिकडे बघत नाहीत.

ब्रिटनला हे जरा उशिरा कळलं. तिथल्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’च्या हिशेबाने एकट्या 2023 मध्ये 125 छोट्या जागा संगीताला मुकल्या. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 मध्ये एक साधं तत्त्व घातलं गेलं: जुन्या क्लबाशेजारी नवे फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरने आवाज अडवायचा बंदोबस्त स्वतः करायचा, ते ओझं क्लबावर टाकायचं नाही. आणि मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांतून छोट्या जागांसाठी थोडा वाटा काढावा, ही मागणी जोर धरू लागली. कोल्डप्लेने 2025 मधल्या वेम्बली आणि हल इथल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा या ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं.

महाराष्ट्रात अशी कुठलीही वर्गणी नाही. ती सुरू करायला फार डोकं लावावं लागणार नाही. स्टेडियममधल्या 50,000 तिकिटांवर प्रत्येकी 50 रुपये ठेवले तर एका रात्रीचे 25 लाख होतात, आणि ज्याने तिकिटाला पाच-दहा हजार मोजले त्याला ते जाणवणारही नाहीत. त्या पैशातून दरवर्षी दोन-चार जागांच्या भिंती ध्वनिरोधक करता येतील, दुसरा जिना काढता येईल. त्याबरोबर तीनशेहून कमी माणसांच्या बंदिस्त जागांसाठी एकाच खिडकीवर मिळणारा, वर्षभराचा परवाना हवा, आणि आवाज मोजायचा तो भिंतीबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी. ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही महापालिकेच्या बंद पडलेल्या मंडईच्या तळघरात याची सुरुवात करता येईल. रस्त्याला नाव असेल तर उत्तमच, नसलं तरी रॉकवाले शोधत येतील.